चित्रपट मुलीचा, विभाग कोणी ठरवायचा?

काणकोणहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते वेळीप या आदिवासी समाजातले. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने काजूच्या हंगामावर एक लघुपट केला. एका विद्यार्थी महोत्सवाने तो ‘आदिवासी सिनेमा’ या विभागात घातला. मुख्य स्पर्धेत घ्या, असं तिने कळवलं. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा तिने चित्रपट मागे घेतला. वडील लिहितात, “समाजाच्या नावाचा विभाग नाकारला म्हणजे समाजच नाकारला. आज हे, उद्या अनुसूचित जमातीचा (एसटी) दाखलाही नको म्हणेल. तुम्हीच तिला समजवा आणि बी.एड.ला पाठवा.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात बी.एड.बद्दल पुष्कळ आहे. त्यावर येतो, पण आधी शेवटच्या पानावरच्या एका वाक्याबद्दल. “मी आयोजकांना परस्पर फोन करून चित्रपट त्याच विभागात ठेवायला सांगितला आहे, तिला अजून बोललो नाही.” हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुमची मुलगी सज्ञान आहे. चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून तिचं नाव आहे. तिने विचार करून, लेखी कारण देऊन एक निर्णय घेतला आणि तुम्ही तो तिच्या पाठीमागे फिरवलात. तुम्ही हे मायेपोटी केलंत, समाजात चार लोकांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून केलंत, हे मला दिसतं. तरीही ते चूक आहे. तिला हे आयोजकांकडून कळलं, तर पुढे कुठलाही कागद ती तुम्हाला दाखवणार नाही. ती घरी आली की आजच सांगा. ती चिडेल, बोलणार नाही. तेवढं सोसा, पण सांगायचं टाळू नका.

आता दाखल्याचं. आरक्षण आणि चित्रपटाचा विभाग या तुम्हाला एकच गोष्टी वाटतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, तोही अनेक वर्षं मागितल्यावर. केंद्राच्या संस्थांत त्यापोटी ७.५ टक्के जागा असतात. ज्या दारातून आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या आत घेतलं गेलं नाही, ते दार उघडायची ती तजवीज आहे. तो हक्क माणसाचा आहे. तो घेताना तिने संकोचू नये आणि सोडू तर मुळीच नये. विभागाचं तसं नाही. विभाग प्रेक्षकाला सांगतो की हा चित्रपट कोणासाठी आहे, आणि इथे ‘आदिवासी’ लिहिल्यावर बाकीच्यांनी तो आपला नाही असं धरून चालायचं. आपला कायदासुद्धा चित्रपटाची अशी वाटणी करत नाही. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर यू, यूए, ए असतं, आता यूएमध्ये ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आलेत, आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांपुरता चित्रपट असेल तर एस. म्हणजे वय बघतात, क्वचित पेशा बघतात. जात, जमात, धर्म यांचा रकाना तिथे नाही. तेव्हा विभाग नाकारून दाखला वापरण्यात कसलीही विसंगती नाही, हे तुम्हीही समजून घ्या आणि तिलाही सांगा. भांडणाच्या भरात “मग दाखलाही नको” असं ती म्हणाली असेल, तर ते तुमच्याच वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

तुम्ही पाठवलेली लिंक उघडून चित्रपट बघितला. आजी बोंडाची बी पिरगळून टोपलीत टाकत राहते. नातू बोटीवर नोकरीला निघालाय. ती मान वर न करता एवढंच विचारते, “पावसाआधी येशील?” तो उत्तर देत नाही, बाजूला बसून तोही बिया काढायला लागतो. ती टेकडी, ती भाषा, बोंडाच्या रसाने काळी पडलेली ती बोटं तुमच्याच घरची आहेत, आणि म्हणूनच ते सगळं इतकं खरं उतरलंय. पण ज्या घरातलं पोर बाहेरगावी गेलंय, अशा मडगावच्या, कुडाळच्या, रत्नागिरीच्या कुठल्याही घराला तो प्रश्न कळेल. त्यांना हा चित्रपट बघायला मिळावा, एवढंच ती मागत होती.

मुलीच्या हट्टाचा पुरावा म्हणून तिने आयोजकांना लिहिलेलं दोन पानी पत्र तुम्ही जोडलंय. पाकिटातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. त्यात ती विचारते की मुख्य स्पर्धेत ब्राह्मण घरातल्या लग्नावरचा चित्रपट आहे, त्याला ‘ब्राह्मण सिनेमा’ का म्हटलं नाही? याला आयोजकांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. काही घरांच्या गोष्टी ‘सगळ्यांच्या’ धरायच्या आणि काहींच्या ‘त्यांच्या’, हे वर्गीकरण मला अन्यायाचं वाटतं.

एका बाबतीत मात्र मी तिच्याशी सहमत नाही. ‘आदिवासी’ अशी खूण मुळीच नको, असं ती लिहिते. उद्या कोणाला आदिवासी दिग्दर्शकांनी केलेले चित्रपट शोधायचे असतील, तर सूचीत नोंद हवीच, नाहीतर ते सापडायचेच नाहीत. बर्लिनच्या महोत्सवात १९८७ पासून टेडी पुरस्कार आहे, समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर विषयांवरच्या चित्रपटांसाठी. त्याला वेगळं दालन नाही. महोत्सवातल्या निरनिराळ्या विभागांतून चित्रपट निवडतात. चित्रपट आपल्या जागी राहतो, वर आणखी एक मान मिळतो. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत कोकणीचा स्वतंत्र पुरस्कार आहे, पण म्हणून कोकणी चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतून बाद होत नाही. २००९ मध्ये लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या ‘पलतडचो मुनिस’ला टोरांटोत आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, तो जगभरच्या चित्रपटांच्या पंगतीत बसून.

म्हणून मागे घेण्याआधी तिने आयोजकांना दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. या विभागातला चित्रपट मुख्य पुरस्कारासाठी धरला जातो का? आणि तो कुठल्या सभागृहात, किती वाजता लागणार? धरला जात असेल आणि वेळ चांगली असेल, तर नाव राहू दे. मागच्या खोलीत सकाळी लावून मोकळे होणार असतील, तर तिने केलं ते बरोबर.

बी.एड. वाईट नाही, पण जिला शिकवायचं नाही तिने ते करू नये. पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची एसआरएफटीआय या केंद्राच्या चित्रपट शिक्षणसंस्था आहेत, तिथे पदवीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन जाता येतं. दाखला संस्थेच्या नमुन्यात लागतो, तेवढं आधी बघून ठेवा. पण तिचं ते पत्र वाचल्यावर मला वाटतं, दिग्दर्शनाच्या जोडीने तिने महोत्सवासाठी चित्रपट निवडण्याचं आणि संग्रहालयाचं कामही बघावं. कुठला चित्रपट कुठल्या नावाखाली ठेवायचा, हे ठरवणाऱ्यांत काणकोणच्या वेळीप घरातली मुलगी हवी. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, २००४ पासून पणजीतच भरतो. या नोव्हेंबरात तिला पाठवा. कुठला चित्रपट कुठल्या विभागात ठेवलाय आणि तिने तो कुठे ठेवला असता, हे तिने वहीत लिहून काढावं.

ती वही घेऊन तिने स्वतः मला लिहावं. यापुढचं उत्तर मी तिच्या नावाने देईन.