उत्तर : डिस्ट्रिब्युटर बदलला की गाण्यांचे प्ले शून्यावर येतात का?

तुमची पोस्ट वाचताना आमचेच जुने मेल वाचतेय असं वाटलं. आठ गाण्यांचा पहिला अल्बम, त्यातली दोन बऱ्यापैकी चालली, उरलेल्या सहांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, स्टेटमेंटमधली रक्कम सांगायची सोय नाही, आणि आता वर्षाची फी भरायची वेळ आली म्हणून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणारी कंपनी, बदलायचा विचार. वर घरचेच लोक 'अल्बम आपटला' म्हणून मोकळे. इथे दोघातिघांनी तुम्हाला 'जुन्याकडून काढून टाका आणि नवीन ठिकाणी चढवा, हाय काय नाय काय' असा सल्ला दिलाय. कृपा करून तसं करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

आमच्यात गाणारी माझी मैत्रीण, चाली माझ्या, आणि मेल, पासवर्ड, हिशेब हे सगळं माझ्या गळ्यात. मी वकील नाही, सीए नाही. जे भोगलं त्यावरून सांगतेय. कंपन्या नियम बदलत असतात, तेव्हा करण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळख म्हणून मिळणारा कोड, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. फक्त एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हा बारा अक्षरांचा कोड त्या ध्वनिमुद्रणाचा असतो, डिस्ट्रिब्युटरचा नव्हे. त्यांनी तो दिला म्हणून ते त्या गाण्याचे मालक होत नाहीत, आणि तुम्ही त्यांना सोडलंत म्हणून कोड मरत नाही. मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग विकलं, लेबल बदललं, तरी त्या रेकॉर्डिंगचा कोड तोच राहतो. नवीन मिक्स केलं, लाइव्ह गायलं, तर मात्र नवा कोड. अल्बमचा यूपीसी हा कोड वेगळा, तो त्या संपूर्ण रिलीजचा.

आता आमचं काय झालं ते. आमच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण या धंद्यातले बरेच सपोर्ट विभाग एकाच साच्यातले आहेत. आम्ही फीची तारीख यायच्या आधीच रीतसर विचारलं होतं की आम्हाला दुसरीकडे जायचंय, आमच्या सगळ्या गाण्यांच्या कोडची यादी द्या. उत्तर आलं : 'हे कोड तुमच्या आमच्याकडच्या खात्याशी जोडलेले आहेत, ते बाहेर चालणार नाहीत. नव्या ठिकाणी तो रकाना रिकामा सोडा, ते तुम्हाला नवे कोड देतील.' लेखी, खाली सही करणाऱ्याच्या नावासकट. ज्या कंपनीचा दिवसभराचा धंदाच हा आहे, तिने असं लेखी दिल्यावर माणूस शंका घेईल का? आम्ही सांगितल्याप्रमाणे केलं.

नवीन अपलोड झालं आणि कोड नवा असल्यामुळे आमचं सगळ्यात चाललेलं गाणं स्पॉटिफायवर नवीन जन्मल्यासारखं दिसायला लागलं. प्ले हजारापेक्षा कमी, म्हणजे आकड्याच्या जागी नुसतं 'पेक्षा कमी'चं चिन्ह. ज्या लोकांनी ते आपापल्या प्लेलिस्टमध्ये ठेवलं होतं त्यांच्याकडे जुन्या गाण्याची ओळ करड्या रंगात, दाबलं तरी वाजत नाही. मैत्रिणीला लोक मेसेज करून विचारत होते, 'गाणं काढलंस का गं?' आणि जिथे ते गाणं लोकांना आपोआप सुचवलं जात होतं, तो ओघ तिथेच आटला. तो नंतर परत आला नाही हे मी खात्रीने सांगू शकते.

मग तक्रार करायला गेलो, तर खरी गंमत तिथे. फी न भरल्यामुळे खातं गोठलेलं. तिकीट काढायचं तर लॉगिन हवं, लॉगिन हवं तर आधी फी भरा. मेल केला तर आपोआप उत्तर : 'कृपया तुमच्या खात्यातून तिकीट काढा.' म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. अखेर त्यांच्या सोशल मीडियाच्या पानाखाली जाहीर लिहिल्यावर कुणीतरी तिकीट उघडलं, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे असं लिहिलं, आणि काही दिवसांनी 'प्रतिसाद न आल्यामुळे बंद' म्हणून बंदही केलं. प्रतिसाद कुणाकडून येणं बाकी होतं हे देव जाणे. गोठलेल्या खात्यातली जुनी स्टेटमेंटंही तिथेच अडकली.

कोड शेवटी मिळाले ते त्यांच्याकडून नाहीच. आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं आयएसआरसी शोधायचं संकेतस्थळ आहे, फुकट आहे, गायकाचं आणि गाण्याचं नाव टाकलं की कोड समोर येतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर! नव्या डिस्ट्रिब्युटरने मात्र सांगितलं की एकदा पाठवलेल्या गाण्याचा कोड बदलता येत नाही, काढून पुन्हा पाठवावं लागतं. म्हणजे तिसऱ्यांदा तोच अल्बम. त्यानंतर काही गाण्यांचे जुने आकडे जोडले गेले, काहींचे नाही.

म्हणून तुम्ही असं करा. फी एक वर्ष जास्त भरावी लागली तरी भरा, ती त्या नुकसानापुढे काहीच नाही. दोन्ही खाती काही काळ एकत्र चालू ठेवायची. नव्या ठिकाणी चढवताना जुनेच आयएसआरसी, जमत असेल तर जुनाच यूपीसी, आणि ऑडिओची फाइल तीच, नव्याने मास्टर केलेली, म्हणजे आवाजावर पुन्हा काम केलेली नको. गाण्याचं नाव, गायिकेचं नाव, क्रम, सगळं अक्षराला अक्षर तेच. मराठी गाण्यांत नेमकं इथेच घोडं पेंड खातं, कारण रोमन स्पेलिंगमध्ये आपण एकदा एक 'ए' लिहितो, एकदा दोन. जुन्या पानावरून कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका. नवीन प्रत दिसायला लागली, तिच्यावर जुने प्ले आलेले दिसले, की मगच जुन्याला टेकडाउन, म्हणजे गाणी काढायला सांगा. याला काही दिवस लागतात. घाई करू नका.

आणि आजच, म्हणजे खरंच आजच, सगळी स्टेटमेंटं उतरवून घ्या. स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडलीत तर यूपीसीच्या रकान्यात '१.९८ई+११' असलं काहीतरी दिसेल, आणि तशीच सेव्ह केलीत तर सुरुवातीचं शून्य असल्यास तेही उडेल. मूळ फाइल तशीच ठेवून द्या, तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून आयात करा. स्टेटमेंट जपायचं आणखी एक कारण म्हणजे गाणी ऐकवणारी ॲपच बंद पडतात. रेसो भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झालं, त्याच वर्षी विंकही गेलं. तिथले आमचे प्ले आता फक्त त्या फाइलींमध्ये आहेत.

पैशांबद्दल. तुमच्या सहा गाण्यांचं स्पॉटिफायवरून काहीच का आलं नाही, याचं उत्तर बहुधा सरळ आहे. २०२४च्या सुरुवातीपासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम (म्हणजे प्ले) न झालेल्या गाण्याला तिथे रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. माझ्या मते हा नियम छोट्या भाषांवर आणि छोट्या गायकांवर अन्याय आहे, पण आहे तो आहे. म्हणून कुणी 'पॅकेज घ्या, प्ले वाढवून देतो' म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. खोटे प्ले पकडले गेले की दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो आणि तो आपला राग तुमचं गाणं काढून व्यक्त करतो.

शिवाय डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे. तुमच्या गीतकार-संगीतकारांनी सदस्यत्व घेऊन गाणी नोंदवली नसतील तर ती रक्कम तुमच्या स्टेटमेंटमध्ये कधीच दिसणार नाही. तुम्ही लिहिलंय की संगीतकार मित्राला 'एकरकमी देऊन विषय संपवला'. तो संपत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम १८ सांगतं की चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातही गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देणं एवढाच अपवाद. तसा करार केला असला तरी तो रद्दबातल. मी स्वतः संगीतकाराच्या बाजूची आहे, त्यामुळे मला हे जरा जास्तच पटतं हेही धरून चाला. करारासाठी वकील गाठा.

राहिला 'अल्बम आपटला' हा प्रश्न. माझ्या लेखी आठातली दोन चालली म्हणजे अल्बम चालला. आणि हे मनाचं समाधान म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत बिलबोर्ड या संगीताच्या मासिकाची खपाच्या अल्बमची यादी डिसेंबर २०१४ पासून स्ट्रीम धरते. तेव्हा अल्बममधल्या कुठल्याही गाण्यांचे मिळून १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला असा हिशेब होता, पुढे २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्यांचे १२५० आणि फुकट ऐकणाऱ्यांचे ३७५० असे वेगळे दर झाले. म्हणजे एकच गाणं अफाट वाजलं तरी कागदावर अख्खा अल्बम विकला जातो. त्याआधी २०११ मध्ये लेडी गागाच्या 'बॉर्न धिस वे' अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ११ लाखांवर प्रती गेल्या, त्यातल्या सुमारे ४.४ लाख ॲमेझॉनवर ९९ सेंटला विकल्या होत्या. त्याच वर्षी बिलबोर्डने नियम केला की पहिले चार आठवडे ३.४९ डॉलरपेक्षा कमी किमतीला गेलेला अल्बम मोजायचाच नाही. इतक्या मोठ्या गायिकेचा आकडासुद्धा मोजणाऱ्याच्या नियमावर ठरतो, मग तुमच्या काकांचं मत कशाला मनाला लावून घेता?

जाता जाता : डिस्ट्रिब्युटर अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बेन हा परदेशी माणसांसाठीचा अमेरिकन कराचा फॉर्म भरलाय का ते बघा. नाहीतर अमेरिकेतल्या कमाईवर थेट ३० टक्के कापतात, भारताशी असलेल्या करारामुळे रॉयल्टीवर ते १५ होऊ शकतं. सीएला विचारून भरा.

तुमच्या स्टेटमेंटमध्ये कोणकोणते रकाने आहेत आणि फीची तारीख कधी आहे एवढं इथे लिहा. खात्याचे तपशील किंवा रकमा टाकू नका. तारीख जवळ असेल तर आधी फी भरा, बाकीचं सावकाश बघू.