जादा तास: वाचकांच्या शंकांना उत्तरे

पहिल्या सत्राचे निकाल लागले की महाविद्यालयातील उपचारात्मक वर्गांविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत जादा तासांविषयी, दरवर्षी त्याच शंका येतात. त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

जादा तासांना बसल्याची नोंद गुणपत्रिकेवर येते का? (पालक, गुहागर)

नाही.

हे वर्ग फक्त राखीव प्रवर्गातील मुलांसाठी असतात, असे गावात सांगतात. माझी मुलगी त्यात बसत नाही. (पालक, देवगड)

विद्यापीठ अनुदान आयोगाची अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी अशा वर्गांची योजना होती. तिच्यावरून हा समज पसरला आहे. महाविद्यालये स्वतः घेतात ते जादा तास बहुधा ज्याला गरज आहे त्या प्रत्येकासाठी असतात. गावातल्या सांगण्यावर न थांबता मुलीच्या विभागप्रमुखांना प्रत्यक्ष विचारावे.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी वाणिज्यला 78 टक्के, आणि एफवायच्या पहिल्या सत्रात दोन विषयांत केटी, म्हणजे नापास. मी इतकी कच्ची आहे का? (विद्यार्थिनी, लांजा)

या प्रश्नासाठीच मी हे सदर लिहितो असे म्हटले तरी चालेल. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला असतो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच विभागातली मुले पदवीच्या पहिल्या वर्षी अडखळतात, तेव्हा घरचे लोक ‘कॉलेजात गेल्यावर अभ्यास सोडला’ असे म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते खरे नसते.

गेल्या वर्षी माझ्यासमोर बसलेल्या एका विद्यार्थिनीने 80,000 रुपयांच्या यंत्रावर घटत्या शिलकीच्या पद्धतीने दरसाल 10 टक्के घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, काढला: पहिल्या वर्षी 8,000, दुसऱ्या वर्षी पुन्हा 8,000. दुसऱ्या वर्षी उरलेल्या 72,000 वर 7,200 हवे होते. पद्धतीची इंग्रजी व्याख्या मात्र तिने एक शब्द न चुकवता म्हटली. मग मी तिला मराठीत विचारले, ‘शंभर पेट्यांतला दहावा हिस्सा आज विकला, उद्या उरलेल्यातला दहावा हिस्सा विकला, तर उद्या किती पेट्या गेल्या?’ तिने क्षणात उत्तर दिले, ‘नऊ.’ तिला टक्केवारी येत होती. ‘रिटन डाउन व्हॅल्यू’ (घसारा वजा जाऊन उरलेली किंमत) हे शब्द कशाविषयी आहेत, तेवढेच तिला कोणी कधी सांगितले नव्हते. तिच्या शेजारच्या मुलाने याच प्रश्नाला ‘दहा’ असे उत्तर दिले. त्याचे घोडे सातवीच्या टक्केवारीपाशीच अडले होते. दोघांचे गुण सारखे, पण उपाय वेगळे. आणि कोणाचे काय अडले आहे हे केवळ गुणपत्रिका पाहून कळत नाही.

म्हणून स्वतःला कच्ची ठरवू नका. दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती वेळेत मागवा, त्या घेऊन विषयशिक्षकांना भेटा आणि नेमके कोणत्या पायरीवर चुकले ते त्यांच्यासमोर बसून शोधा. जादा तासांत काय शिकायचे ते त्यानंतर ठरेल.

बाजारपेठेतला एक क्लास ‘केटी सुटण्याची हमी’ देतो. फी पूर्ण आगाऊ मागतो. घालावे का? (पालक, चिपळूण)

परीक्षा विद्यापीठाची असताना तिच्या निकालाची हमी क्लासवाला कशाच्या बळावर देतो? अशा ठिकाणी बहुधा मागच्या प्रश्नपत्रिकांतून निवडलेले ‘अपेक्षित’ प्रश्न पाठ करून घेतात आणि मूळ अडचण पुढच्या सत्रात तशीच जाते. आधी महाविद्यालयात चौकशी करा. तरीही घालायचेच असेल, तर फी हप्त्याने द्या आणि परताव्याची अट लेखी घ्या.

जादा तास चार वाजता आणि आमची एसटी सव्वाचारला. पुढची गाडी रात्री. (विद्यार्थी, राजापूर)

त्याच मार्गावरच्या सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि त्यात गाडीची वेळ लिहून दुपारच्या मोकळ्या तासाची मागणी करा. एकेकट्याची तोंडी तक्रार वेळापत्रकापर्यंत पोचत नाही.

मुलगा हुशार आहे, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, ओळ सुटते. जादा तासांनी सुधारेल का? (पालक, मालवण)

केवळ त्यांनी नाही. ही अध्ययन अक्षमता असू शकते. पत्रावरून मी निदान करणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात. तपासणी आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्यामुळे परीक्षेचा अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. तज्ज्ञांची भेट याच महिन्यात ठरवा.

मुलगा म्हणतो, गणपतीनंतर जादा तासांना जाईन. चालेल का? (पालक, दापोली)

चालणार नाही. सुट्टीवरून परतून मुले स्थिरावतात तोवर अंतर्गत चाचणी तोंडावर येते आणि मग मागचे शिकायला शिक्षकांनाही वेळ उरत नाही. या आठवड्यातच त्याच्याबरोबर जाऊन वर्गशिक्षकांना भेटा.