गावातल्या धान्य बँकेत धान्य टिकत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत कोठी भरली होती, आता जून लागला तर दोनच पोती उरलीत, आणखी देणगीदार कुठून आणावेत? मी परभणीत आमच्या वस्तीत आठ वर्षं हेच करतोय. देणगीदार कमी आहेत म्हणून कोठी रिकामी होत नाही. आलेलं धान्य आपण वाया घालवतो.

आमच्या दुसऱ्या वर्षी सप्ता संपल्यावर एका व्यापाऱ्यानं चौदा कट्टे गहू अन् चार कट्टे तूरडाळ पाठवली. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बारा वर्षं मुनीम होतो, कट्ट्यात हात घातला की माल कळतो. गहू दमट होता. मी म्हटलं, परत पाठवू. आमचे अध्यक्ष आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "धर्माची गाय अन् दात का नाय? मुनीमगिरी इथं नको." झालं, कट्टे देवळामागच्या खोलीत फरशीवरच, भिंतीला टेकवून लागले. खाली फळ्यासुद्धा नाहीत.

मृगाचे दोन पाऊस झाले अन् खालचे कट्टे गरम लागायला लागले. हात घातला तर ढेकळं. सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, भिंतीवर चढून सभामंडपात आले, कीर्तनकार बुवांच्या टोपीवरही एक होता. बायकांनी तीन दिवस चाळलं. निम्मं जनावरांना गेलं.

डाळीचं तर विचारूच नका. एक मावशी आख्खा कुकर घेऊन कोठीवर आल्या. झाकण काढून दाखवलं, पाणी वेगळं अन् डाळ वेगळी. "भाऊ, नऊ शिट्ट्या केल्या. डाळ तुमची, गॅस माझा." डाळ जुनी होती, लवकर शिजणार कशी? त्यांचा गॅस गेला त्याचे पैसे कुणी दिले? आबांनी नाही दिले.

म्हणून आता आमच्याकडं नियम आहे, दाणा चावून बघायचा. दाताखाली कट्ट वाजला तर घ्यायचा, दबला तर देणाऱ्याला हात जोडायचे. राग येतो लोकांना, येऊ द्या.

आता तुमच्या पुरवठ्याचं. मागायची वेळ चुकते. तूर जानेवारीत मागा, ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर जाऊन मागा. समोर रास असताना शेतकरी पायलीनं देतो. तोच माणूस जूनमध्ये बी-खताच्या उधारीत असतो, त्याला मागणं म्हणजे त्याची अडचण करणं. आणि सुगीत आलेलं निम्मं आखाडापर्यंत उघडायचंच नाही. इथं कमिटीत भांडण होतं, होऊ द्या.

गहू-तांदळाचा सोस सोडा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो मिळतं, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. घरात अडतं ते डाळ, तेल, मिरची. तेल कुणी दान देत नाही, त्याला रोख लागते. आम्ही महिन्याला घरटी वीस रुपये गोळा करतो. धान्य राखून ठेवायचं ते कार्डात नाव नसलेल्यांसाठी, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी, अन् दसऱ्यानंतर पोरं ऊसतोडीला गेली की मागं राहणाऱ्या त्यांच्या आई-बापांसाठी. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचंही बघा. आपल्या मराठवाड्यात त्यांचं धान्य बंद झालं अन् २०२३ पासून खात्यात रोख यायला लागली, सुरुवातीला माणशी १५० रुपये. त्यात महिन्याची ज्वारी बसते का, तुम्हीच हिशोब करा.

एक राहिलंच. किडीसाठी मोंढ्यात सल्फासच्या गोळ्या टाकतात म्हणून तुम्ही टाकू नका. त्यातून विषारी वायू निघतो, शेजारी माणसं झोपत असतील तर जीव जाईल. कडक ऊन दाखवा, डब्यात कडुनिंबाचा वाळला पाला घाला, पोती फळीवर अन् भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आणि लग्नातलं शिजलेलं अन्न घेणार असाल तर २०१९ चे उरलेल्या अन्नाचे नियम आधी वाचा, नोंदणी लागते. आम्ही ते घेतच नाही, त्यामुळं त्यातलं मला विचारू नका. तुमच्याकडं पाऊसपाणी वेगळं असेल तर महिने थोडे मागं-पुढं धरा.

गेल्या महिन्यात आबा स्वतः एक कट्टा ज्वारी घेऊन आले. मी चार लोकांसमोर कट्टा सोडला अन् दाणा चावला. आबा आठ दिवस बोलले नाहीत. ज्वारी चांगली होती, घेतली.