समोरून ठोकलेली जुनी स्प्लेंडर 20,000 रुपयांत पुन्हा रस्त्यावर आणता येईल का?

येईल, पण चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ असली तरच. चेसी वाकली असेल तर 20,000 काय, 40,000 घातले तरी ती गाडी हातात नीट बसणार नाही.

तुम्ही लिहिलंय की ओळखीतला एक माणूस 2012 ची स्प्लेंडर प्लस 9,000 ला देतोय. टेम्पोला समोरून धडकलेली आहे, इंजिन चालू होतं, आणि तुम्हाला रोज 30 किलोमीटर जायचं-यायचं आहे. हातात सगळं मिळून 20,000. मी 2022 मध्ये जवळजवळ अशीच गाडी घेतली होती. 2011 ची स्प्लेंडर प्लस, किंमत 11,000, रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली. त्यामुळे मी जे सांगतोय ते माझ्या खिशातून गेलेल्या पैशांवरून सांगतोय.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे नेक. हँडलखाली चेसीचा जो नळीसारखा भाग असतो, ज्यात टी (पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाइप धरून ठेवणारा भाग) फिरतो, तो. चेसी नंबरही तिथेच कोरलेला असतो. फडक्यावर थोडं रॉकेल किंवा पेट्रोल घेऊन तो भाग स्वच्छ पुसा आणि मोबाईलची बॅटरी लावून बघा. नेकपासून खाली इंजिनकडे येणाऱ्या पाइपाच्या जोडावर रंग केसासारखा तडकलाय का, पाइपाला पोटात सुरकुती पडलीय का. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, बोट फिरवा. सुरकुती डोळ्याला दिसत नाही, पण नखाला अडते. एखाद्या ठिकाणीच नवा काळा रंग मारलेला दिसला तर थांबा आणि सरळ विचारा, इथे वेल्डिंग झालंय का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. टाकीला लागत असेल तर लॉकचा स्टॉपर तुटलाय किंवा वाकलाय, म्हणजे धडक जोरात बसलेली आहे.

दुसरी गोष्ट दोरी. पंधरा-वीस फूट सुतळी घ्या, गाडी मधल्या स्टँडवर लावा, हँडल सरळ धरायला एक माणूस ठेवा. मागच्या टायरला वेढा घालून सुतळीची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणून धरा. या गाडीचे दोन्ही टायर 2.75-18 म्हणजे एकाच रुंदीचे, त्यामुळे सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना आणि पुढच्याही दोन्ही कडांना टेकायला हवी. एका बाजूला टेकली आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहिली, तर काहीतरी तिरकं आहे. ते मागचं चाक धरणारा चिमटा असू शकेल, पुढच्या शॉकअपचे पाइप असू शकतील किंवा चेसी. आधी मागच्या चाकाजवळच्या चेन अॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत ना ते बघा, बऱ्याचदा दोष तिथलाच निघतो. मग शेजाऱ्याची धड स्प्लेंडर आणून बाजूला उभी करा आणि पुढच्या एक्सलपासून चिमट्याच्या बोल्टपर्यंतचं अंतर दोन्ही गाड्यांचं, दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. समोरून ठोकलेल्या गाडीचं अंतर कमीच भरेल. दोन्ही बाजूंना सारखंच कमी असेल आणि नेक धड असेल तर बहुतेक दोष पाइप आणि टीचा असतो. ते बदलता येतात. नेक मात्र बदलता येत नाही. गॅसने तापवून साखळीने ओढून सरळ करणारे लोक आहेत, डोळ्याला सरळ दिसतंही, पण तापवलेल्या नळीची ताकद गेलेली असते. तिच्यावर बसून रोज 30 किलोमीटर जाऊ नका.

आता माझी चूक ऐका. शॉकअपचे पाइप नवे घ्यायचे सोडून मी पहिल्या गॅरेजवाल्याकडून जुनेच प्रेसवर सरळ करून घेतले, 600 रुपयांत. दिसायला बाणासारखे सरळ. पंधरा दिवसांत डाव्या ऑइल सीलमधून तेल गळायला लागलं, सील बदललं तर पुन्हा तेच. शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडे नेले. त्यांनी पाइप हातात घेतला, बांधकामाला आणून ठेवलेल्या कडाप्प्यावर ठेवला आणि हलकेच ढकलला. पाइप गडगडत जाताना मधोमध उचलला जायचा आणि खाली प्रकाशाची रेघ दिसायची, प्रत्येक फेऱ्यात एकदा. मग त्यांनी माझं बोट धरून वाकलेल्या जागी फिरवलं. क्रोम तिथे बारीक तडकलं होतं, वाळूच्या कागदासारखं. सरळ केलं तरी ते क्रोम परत जुळत नाही आणि दर खड्ड्याला तेच सील कापत राहतं. त्या 600 रुपयांनी मला दोन सीलं, तेल आणि महिनाभराची काळजी दिली, आणि नवे पाइप घ्यावे लागले ते लागलेच. हे त्यांनी मला पैसे न घेता शिकवलं.

म्हणून तुमच्या 20,000 मधला पहिला रुपया समोरच्या चाकात जायला हवा. मला नवे पाइप 1,900 ला पडले, वरचा आणि खालचा टी 1,400, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) 350, सील आणि शॉकअपचं तेल 300. रिम आणि आरे नवे टाकून चाक बांधून त्याचा आउट (वाकडेपणा) काढायला 1,650, टायर-ट्यूब 1,550. ब्रेक शू आणि केबली 600, मजुरी 1,500. रिम ठोकून सरळ करायला जाऊ नका. आर्‍यांच्या ताणाने चाक गोल दिसतं, पण ठोकलेल्या जागी खड्ड्यात पुन्हा बसतं. पुण्याजवळ असाल तर नाना पेठेत हे सगळं एका फेरीत मिळेल. पाइप घेताना काच असलेल्या काउंटरवर तिथल्या तिथे गडगडवून बघा, दुकानदार रागावत नाही.

डूम (हेडलाइटभोवतीचं कव्हर), हेडलाइट, मीटर, मडगार्ड, साइड पॅनल, लेग गार्ड हे मात्र जुन्या बाजारातून घ्या. त्यांना ओरखडे असले तरी गाडी तितकीच सुरक्षित चालते. माझं हे सगळं हँडल-लिव्हरसकट 2,300 मध्ये झालं. टाकीचा रंग सगळ्यात शेवटी. मी सहा महिने पोचा पडलेल्या टाकीवर गाडी चालवली आणि मग लांबी (पुट्टी) भरून 1,800 मध्ये रंगवली. रंगाची घाई सगळ्यांनाच होते, कारण लोकांना तो दिसतो. घरचेही म्हणतील, जरा चांगली दिसू दे की. तुम्ही ऐकू नका.

इंजिन चालू होतंय म्हणता, छान. ऑइल बदला, डाव्या कव्हरला गिअर लिव्हरमुळे तडा गेलाय का बघा, इंजिन चेसीला धरणारे फाउंडेशन बोल्ट आवळून घ्या. आत्ता एवढं पुरे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. गाडी आरसीवर ज्याच्या नावावर आहे त्याचीच सही गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर घ्या, मधल्या माणसाची नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र आधी. धडकेत कोणी जखमी झालं होतं का, पोलिसांत नोंद झाली का, हे तोंडावर विचारा आणि नोंद असेल तर गाडी सोडल्याचा कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव लावायचा अर्ज घेणाऱ्याने 30 दिवसांत करायचा असतो. आणि 2012 ची गाडी म्हणजे 2027 मध्ये 15 वर्षं भरतात. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर येणार, तो खर्च आजच मनात धरा. 75 ते 150 सीसी गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता जून 2022 मध्ये 714 रुपये ठरला होता, त्यावर जीएसटी. विमा चालू असल्याशिवाय ट्रायललाही रस्त्यावर काढू नका.

आता भाव. सुटे भाग आणि मजुरी मिळून माझे रंग सोडून 11,550 गेले. तुमचे 9,000 त्यात मिळवले तर 20,550 होतात, म्हणजे कागदपत्रं आणि विम्याच्या आधीच हात रिकामा. म्हणून त्या माणसाला 6,000 सांगा, फार तर 6,500 वर या. सुतळी आणि टेप घेऊनच जा आणि मोजमाप त्याच्यासमोर करा, पुढच्या चाकाचं अंतर किती कमी भरतंय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. नेकवर रंग तडकलेला सापडला तर भाव करायला बसू नका, चहा पिऊन सरळ घरी या. मोजमापं घेतलीत की इथेच खाली लिहा, दोन्ही बाजूंचे आकडे आणि नेकचा उजेडात काढलेला फोटो, मी बघून सांगतो.