पहिल्यांदाच कनकेश्वर? मग एवढं करा

कनकेश्वर म्हणजे अलिबागजवळच्या डोंगरावरचं शंकराचं देऊळ. तिथे पायथ्याच्या मापगावच्या पायऱ्यांनीच चढा. आजूबाजूच्या गावांतूनही पायवाटा वर येतात, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, आणि गावातलं कोणी सोबत असेल तरच.

मुंबईहून येताना मांडव्याला लाँचने उतरा, कनकेश्वर फाट्यावरून मापगाव गाठा. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा अलिबागमार्गे या.

नवखे लोक हटकून चुकतात ते वेळेत. "सातशेच तर पायऱ्या" म्हणत दहा वाजता निघतात आणि अर्ध्यावर सावलीला बसून राहतात. डोंगर जेमतेम पावणेचारशे मीटरचा, पण समुद्राजवळची दमट हवा घाम काढते. मीही पहिल्यांदा एकच बाटली घेऊन गेलो होतो. पुन्हा तसं केलं नाही. सहाला चढायला लागा, माणशी दोन लिटर पाणी ठेवा.

- पावसात शेवाळ धरतं, उतरताना घाई नको.
- खाऊची पिशवी हातात लोंबवू नका, माकडं ओढतात.

वर देवळाशेजारची पुष्करणी बघा. पोहायला उतरू नका, देवस्थान आहे. हवा स्वच्छ असेल तर समुद्रातले खांदेरी-उंदेरी किल्ले दिसतात.