आरांचिना, आरांचिनो आणि आपलं नारिंग

इटलीच्या सिसिली बेटावरच्या तळलेल्या, सारण भरलेल्या भातगोळ्याबद्दल प्रश्न आलाय : "सिसिलीत फिरलो. पालेर्मोतल्या पाटीवर 'आरांचिना', काटानियात 'आरांचिनो'. खरं कोणतं? आणि आपल्याकडच्या मेनूकार्डावर 'आरांचिनी' का असतं?"

शेवटचं आधी घेतो, कारण डोकं त्यानेच उठतं. 'आरांचिनी' हे आरांचिनोचं अनेकवचन. 'एक आरांचिनी द्या' म्हणजे 'एक वडे द्या'. परवा शेजारच्या टेबलावरून 'दोन आरांचिनीज' ऐकलं, म्हणजे वडेज! 'पानिनी'चीही (इटालियन सँडविच, एकवचन पानिनो) तीच गत. निदान आपल्या व्याकरणकार पाणिनीला स्मरून तरी वचन सांभाळा.

आता लिंग. पालेर्मोत 'ती', आणि गोल. काटानियात 'तो', बहुधा टोक काढलेला, एत्ना ज्वालामुखीसारखा. इटालियनमध्ये नारिंगाचं झाड पुल्लिंगी आरांचो, फळ स्त्रीलिंगी आरांचा. (आपलं नाही का, झाड ती केळ आणि फळ ते केळं.) भातगोळा फळासारखा, म्हणून ती आरांचिना, हा पालेर्मोकरांचा युक्तिवाद. इटालियन भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने २०१६ साली दोन्ही रूपं चालतील असं सांगितलं. मला हा मिळमिळीतपणा पटत नाही. सिसिलियन बोलीत फळच मुळी पुल्लिंगी, 'आरांचू'. ब्युंदीच्या १८५७ च्या सिसिलियन कोशातही 'आरांचिनू' आहे, पुल्लिंगी, नारिंगाच्या आकाराचा भाताचा गोड पदार्थ म्हणून. सिसिलीच्या पोराचं बारसं फ्लॉरेन्सने कशाला करायचं?

पण खरी गंमत त्या फळात आहे. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज. अरबांनी ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं. आंबट नारिंग सिसिलीत रुजलं ते त्यांच्याच काळात. स्पॅनिशने 'नारांहा'त सुरुवातीचा 'न' जपला. इटालियनमध्ये आधीच्या 'उना'तल्या (म्हणजे 'एक') 'न'ने शब्दाचा 'न' गिळला आणि उरलं आरांचा. म्हणजे तळलेल्या भाताच्या त्या गोळ्याच्या पोटात आपलं नारिंग बसलंय, फक्त नाक कापलेलं! आणि 'बघा, सगळं संस्कृतातूनच' म्हणून नाचू नका. नारंग हा शब्द संस्कृतानेच द्राविडी भाषांकडून उचलला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नारिंग निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, 'संत्रं' पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशानेही 'बहुधा' म्हणून सिंत्राच पुढे केलंय, आणि लोकांनी तो 'बहुधा' सोयीस्कर गाळलाय. बाबराच्या आठवणींत हे फळ 'संगतरा' या नावाने येतं आणि बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. वीस वर्षांत गोव्याच्या धक्क्यावरचा शब्द आग्र्याच्या बागेत जाऊन फारसीत मुरला? मला नाही पटत.

हं, आरांचिना. केशरी भात थंड करून तळहातावर घ्यायचा, बोटांनी वाटी करायची, आत खिम्याचा रस्सा आणि मटार, मग पुरणाच्या उंड्यासारखं तोंड बंद. पिठाच्या पातळ कालवणात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. भात गरम असला तर वाटी फुटते.

पालेर्मोत याचा खरा दिवस १३ डिसेंबर, सांता लुचिया या संतिणीचा सण. १६४६ च्या दुष्काळात बंदरात गव्हाचं जहाज लागलं, लोकांनी दळायलाही न थांबता गहू उकडून खाल्ला, अशी आख्यायिका. म्हणून त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. उकडलेल्या गव्हात रिकोटा (मऊ, ताजं चीज) घालून 'कुच्चीआ' करतात. आपल्या घुगऱ्यांची गोड बहीण. नावही 'कोच्चू' म्हणजे दाणा, त्यावरून. आणि पाव बंद म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत आरांचिन्यांवर आरांचिने. एकादशी, दुप्पट खाशी!

(हो, 'आरांचिने'. तिचं अनेकवचन.)