इस्लाम आणि पाश्चात्य समाज खरंच एकत्र नांदू शकतात का?

तुम्ही विचारलंय की युरोपात राहणाऱ्यांनी खरं खरं सांगावं, तिथले मुसलमान त्या समाजात मिसळतात का की हे कायमचं भांडण आहे. मी जर्मनीत कोलोनला अकरा वर्षं राहतेय, मूळची मिरजेची. म्हणून मी फक्त जर्मनीतल्या तुर्की लोकांबद्दल लिहिते, ते मी रोज बघते. 'पाश्चात्य' म्हणजे एकच एक काही नाहीये हो. फ्रान्समध्ये 2004 पासून सरकारी शाळेत मुलींना हिजाब घालता येत नाही, आणि शेजारच्या जर्मनीत सरकार स्वतः चर्चसाठी चर्चच्या सभासदांच्या पगारातून टॅक्स कापून देतं आणि शाळेत धर्माचा तास असतो. दोन्हीकडे मुसलमानांचे प्रश्न वेगळे होणारच ना.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक तुर्की आजोबा राहतात, सगळे त्यांना अमजा म्हणतात, म्हणजे काका. ऐंशी ओलांडलीय. 1969 मध्ये इस्तंबूलहून आगगाडीत बसले आणि तिसऱ्या दिवशी म्युनिकला उतरले, तिथून इकडे एका कार कारखान्यात. निघायच्या आधी जर्मन भरती ऑफिसात अंडरवेअरवर रांगेत उभं करून डॉक्टरने दात बघितले, छाती बघितली, हे ते अजून सांगतात आणि सांगताना आवाज खाली जातो. बैलबाजारात बघतात तसं. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानचा करार 30 ऑक्टोबर 1961 चा, त्यात आधी ठरलं होतं की दोन वर्षं काम करा आणि परत जा. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांत घालवायचा हे कारखानदारांनाच परवडेना, म्हणून 1964 मध्ये ती अट काढली. मग 1973 च्या नोव्हेंबरात तेलाच्या संकटाच्या काळात भरती एकदम बंद. आणि गंमत नाही, खरं दुःख इथे आहे, भरती बंद झाल्यामुळेच लोक कायमचे राहिले, कारण आता गावी गेलो तर परत येता येणार नाही ही भीती, म्हणून त्यांनी बायकापोरांना इकडे आणलं. सरकार म्हणत राहिलं हे पाहुणे, आणि तेही स्वतःला म्हणत राहिले की पुढच्या वर्षी घर बांधून होईल मग जाऊ. अमजांच्या घरात कितीतरी वर्षं नवीन सोफा घेतला नव्हता, कशाला, जायचंच आहे ना.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. दोन्ही बाजूंनी चाळीस वर्षं हा मुक्काम तात्पुरता धरला, आणि आज ज्याला आपण धर्माचा झगडा म्हणतो त्यातलं बरंचसं त्या चाळीस वर्षांत करायचं राहून गेलेलं काम आहे.

मशिदीचंच घ्या. पाहुण्यांना मशीद कोण बांधून देणार? मग मागच्या अंगणात, गॅरेजमध्ये, बंद पडलेल्या कारखान्यात नमाज सुरू झाली. जर्मनीत अशा मशिदींना 'मागच्या अंगणातली मशीद' असा शब्दच आहे. चर्चला जसा टॅक्स मिळतो तसा मोठ्या मुस्लिम संघटनांना नाही, चर्चसारखा सरकारमान्य धर्मसंस्थेचा दर्जाच त्यांना नाही. मग पैसा आणि इमाम कुठून? अंकाराहून. तुर्की सरकारच्या धर्मखात्याचे पगारी इमाम यायचे, बऱ्याच जणांना जर्मन येत नसायचं, काही वर्षं राहून परत जायचे. आता सांगा, इथे जन्मलेल्या सोळा वर्षांच्या पोराला इथले प्रश्न पडणार, त्याला तो इमाम काय उत्तर देणार? इमाम जर्मनीतच तयार करायचे आणि तिकडून पाठवणं हळूहळू बंद करायचं हे दोन्ही सरकारांचं ठरायला 2023 चा डिसेंबर उजाडला. 1961 च्या करारापासून बासष्ट वर्षं! यात दोष जर्मन सरकारचा तर आहेच, पण अंकाराच्या सरकारचाही आहे, त्यांनाही ही माणसं आपल्या हातात हवी होती. आमच्याकडची एरेनफेल्डची मोठी मशीद, काच आणि काँक्रीटची, फार सुंदर आहे, पण 2018 मध्ये तिचं उद्घाटन केलं तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआननी आणि शहराच्या महापौर त्याला नव्हत्या. मला ते बघून फार वाईट वाटलं होतं. ज्या शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून बांधली त्या शहराचाच कार्यक्रम राहिला नाही तो.

आता भांडणाची बाजू, ती मी लपवणार नाही. कोलोनहून साधारण तीस किलोमीटरवर झोलिंगन आहे, सुऱ्या-कात्र्यांचं गाव, तुमच्या घरातल्या चांगल्या सुरीवर कदाचित त्याचं नाव असेल. (मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या गावाबद्दल उगाच आपलेपणा वाटला होता.) तिथे 29 मे 1993 च्या पहाटे चार तरुण जर्मन पोरांनी गेंच नावाच्या तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं. पाच जणी गेल्या, सगळ्यात लहान चार वर्षांची. चॅन्सेलर (म्हणजे सरकारचे प्रमुख) कोल शोकसभेला आले नाहीत, राष्ट्राध्यक्ष वाइत्झेकर आले. घरातली आजी, मेवल्यूदे गेंच, तिच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची त्यात गेल्या, आणि ती बाई बदला नको, एकमेकांशी मैत्रीने राहा असं सांगत उभी राहिली, जर्मन नागरिकत्व घेतलं, 2022 मध्ये वारली तोपर्यंत झोलिंगनलाच राहिली. जिथे घर होतं तिथे आता मोकळी जागा आहे आणि चेस्टनटची पाच झाडं. मी ऑक्टोबरात गेले होते, फळं खाली पडलेली, शेजारच्या घरातली दोन मुलं ती पिशवीत भरत होती, आणि मला तिथून पाय काढवेना.

त्याच झोलिंगनमध्ये 23 ऑगस्ट 2024 ला गावाला 650 वर्षं झाली म्हणून उत्सव चालू होता, आणि सीरियातून आलेल्या एकाने गर्दीत शिरून लोकांच्या मानेवर सुरी चालवली. तीन मेले, आठ जखमी. इस्लामिक स्टेटने जबाबदारी घेतली. युरोपात तो आधी बल्गेरियात शिरला होता म्हणून त्याला तिकडेच परत पाठवायचं होतं आणि ते राहून गेलं होतं, त्यामुळे लोक सरकारवर भयंकर चिडले आणि चिडणं बरोबरच होतं. हे 'सगळे तसे नसतात' असं म्हणून झटकून टाकायचं मला पटत नाही, धर्माच्या नावाने मारणारी माणसं आहेत, ती पोरं कुठल्या व्हिडिओतून कोणाचं ऐकतात हे मुस्लिम संघटनांनीही अंगावर घ्यायला पाहिजे. पण हेही सांगते की त्या हल्ल्यानंतर दोन दिवस अमजा पाव आणायला खाली उतरले नाहीत, मीच आणून दिला. म्हणाले, कझम (म्हणजे पोरी), लोक बघतील. पंचावन्न वर्षं इथे राहिलेला माणूस. 1993 ला झोलिंगनचं घर पेटवलं म्हणून, आग लागली तर खिडकीतून उतरायला उशाशी दोर ठेवून झोपलेला, आणि 2024 ला दुसऱ्याने सुरी चालवली म्हणून घरात बसलेला. दोन्ही वेळी घाबरायचं त्यांनीच.

मग नांदतात का? मला विचाराल तर भाषणं बघू नका, माणूस मेल्यावर कुठे पुरतात ते बघा. तुर्की मशिदींची भिशीसारखी सोय असते, दरवर्षी थोडे पैसे भरायचे, मेलात की ते विमानाने गावी पोचवतात. मेवल्यूदे गेंचसुद्धा तिकडे अमास्या प्रांतातल्या त्यांच्या गावीच पुरल्या, लेकींजवळ. अमजांनी तीसेक वर्षं ते पैसे भरले. इथल्या दफनाच्या अडचणीही तशाच, जर्मनीत शवपेटी सक्तीची होती आणि मुसलमानांना नुसतं कफन हवं असतं. आमच्या राज्यात ती सक्ती 2003 मध्ये गेली, बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात तर 2021 मध्ये. शिवाय इथे कबर भाड्याने असते, वीस-पंचवीस वर्षांनी मुदत संपली आणि कोणी वाढवली नाही तर जागा दुसऱ्याला. मुसलमानांत मेलेल्या माणसाला हलवत नाहीत, त्यामुळे हे ऐकूनच म्हातारी माणसं हादरतात.

2020 च्या एप्रिलात अमजांची बायको गेली. कोविड, विमानं जवळजवळ बंद. इथेच पुरावं लागलं, आम्ही चार माणसं, मास्क लावून, लांब लांब उभे. अमजा तेव्हा खूप रडले, तिला परक्या मातीत ठेवलं म्हणून. मग दर शुक्रवारी नमाजनंतर तिकडे जायला लागले. दफनभूमीत हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या स्टँडला अडकवलेल्या असतात, नाणं घातलं की सुटतात. झारी भरून कबरीवर पाणी घालायचं, तुर्की लोकांत ते करतात. शेजारच्या कबरीवर एक जर्मन आजी यायच्या त्यांच्या नवऱ्यासाठी, त्यांना झारी उचलवत नव्हती म्हणून अमजा दोन्हीकडे पाणी घालायला लागले.

मागच्या वर्षी अमजांनी मला दफनभूमीच्या ऑफिसात बरोबर नेलं, फॉर्मचं जर्मन अवघड म्हणून. बायकोच्या शेजारची जागा स्वतःसाठी घेतली. गावी पाठवायची ती वर्गणी बंद केली. क्लार्कने विचारलं, पुढे मुदत संपायला आली की पत्र कोणाला पाठवायचं? अमजांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, घरूनच लिहून आणला होता. नातीचं नाव, आणि खाली कोलोनचा पत्ता.